अगारवर ॲल्युमिना: गियर सुटला, आता गाठ वाळवणीशी

ॲल्युमिना या सिरॅमिक पुडीचे भाग जेलीसारख्या जमणाऱ्या अगारने घरीच ओतायचा माझा प्रयोग चालू आहे. मागच्या नोंदीनंतरची मुख्य बातमी म्हणजे अगार घालून ओतलेला ॲल्युमिनाचा गियर सिलिकॉनच्या साच्यातून एकही दात न तुटता सुटला. ओला असतानाही तो चिमटीत धरता येतो. कड दाबली तर जराशी दबते आणि सोडली की परत जागेवर येते. प्लास्टरच्या साच्यात पाणी भिंतीकडून ओढलं जातं, त्यामुळे जाड आणि पातळ भाग सारखे बसत नाहीत. इथे पाणी जिथल्या तिथे जखडलं जातं, हीच तर या पद्धतीची गंमत.

साच्यातच जेल जमवून पूड बांधायच्या या पद्धतीला जेलकास्टिंग म्हणतात. ती मूळची अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतली. तिथे सुरुवातीला जेल जमवायला ॲक्रिलामाइड हे रसायन वापरत. ते मज्जासंस्थेला घातक, शिवाय त्याला हवेतला ऑक्सिजन लागला की वरचा थर नीट जमत नाही. घरात त्याच्या वाटेला जाऊच नका. त्याऐवजी अगार. किराणा दुकानातलं चायना ग्रास म्हणजे तेच. मी पूड घेतो, लवकर विरघळते.

सध्या स्थिरावलेलं प्रमाण असं: 100 ग्रॅम ॲल्युमिना, 20 मिली पाणी आणि थोडं अमोनियम पॉलिॲक्रिलेट (पुडीच्या गुठळ्या होऊ न देता मिश्रण वाहतं ठेवणारं). यात 4 टक्क्यांचं गरम अगार-द्रावण 10 मिली. ॲल्युमिनाची घनता 4च्या आसपास, म्हणजे 100 ग्रॅम पूड 25 मिली जागा घेते. सगळं मिसळल्यावर घन भाग आकारमानाने साधारण 45 टक्के येतो. मूळ स्लरी, म्हणजे पूड-पाण्याचं मिश्रण, दाट ठेवायची ती यासाठीच, कारण अगारसोबत पाणीही आत जातं. आणि हो, अगार उकळताना पाणी उडतं. भांडं आधी-नंतर तोला आणि तूट गरम पाण्याने भरून काढा, नाहीतर 4 टक्के फक्त वहीतच राहतात.

व्हॅक्यूम लावायचा तो अगार घालण्याआधी, थंड स्लरीला. 60 अंशांवर दाब उतरवला की पाणीच उकळायला लागतं आणि बुडबुडे जाण्याऐवजी वाढतात. नंतर स्लरी 60 अंशांवर आणून अगार मिसळताना चमचा भांड्याच्या तळाशीच फिरवतो, वर उचलत नाही.

अगार वितळायला 85 अंशांच्या वर जावं लागतं, पण जमतं मात्र 35 ते 40च्या दरम्यान. ओतायला भरपूर वेळ मिळतो तो या फरकामुळे. पण नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 40च्या घरात, मग ते जमणार कधी? साचा सरळ फ्रीजमध्ये ठेवतो. बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर स्फटिकांच्या रेघा कायमच्या उमटतात.

खरी डोकेदुखी वाळवणीची. कोरड्या हवेत दातांची टोकं आधी सुकून आक्रसतात, मधला भाग ओलाच, आणि दाताच्या मुळाशी केसासारखी तडा जाते. कूलरची हवा दमट असली तरी वारा एकाच बाजूने लागतो, मग चकती वाकते. आता झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरतो. आधी आत साध्या पाण्याची वाटी, मग तिच्या जागी मिठाचा ओला लगदा. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास टिकते, फुकटात. गियर जाळीवर ठेवायचा, रोज उलटायचा, रोज तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की बाहेर. या पद्धतीने पातळ तुकडे सरळ निघताहेत. जाड तुंब्याभोवती, म्हणजे गियरच्या मधल्या जाड भागाभोवती, अजून भरवसा नाही.

भट्टीचं थोडक्यात. अगार अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे ते जाळायला वेगळा सोपस्कार लागत नाही. माझी भट्टी 1300पर्यंतच जाते. तिथे ॲल्युमिना सच्छिद्रच राहतो. पक्का व्हायला 1600च्या आसपास हवं. तिथवर नेलं तर हिशेबाने साच्यातले 30 मिमी सुमारे 23 होतील, तेव्हा साचे काढतानाच 1.29ने गुणून काढतोय.

अल्जिनेटही खुणावतंय, कारण ते थंडच जमतं. पण त्याला कॅल्शियम लागतं, आणि तेच कॅल्शियम पॉलिॲक्रिलेटला निकामी करून स्लरी घट्ट करतं. म्हणून तूर्त बाजूला.

पुढची खेप जाड तुंब्याची. ओला तुकडा पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बुडवून आधी थोडं पाणी काढायचं आणि मग डब्यात. द्रावण पाणी सगळ्या बाजूंनी ओढतं, तेव्हा वाकण्याचा प्रश्न तरी नसावा. कुणी केलं असेल तर किती दाट द्रावण घेतलं तेवढं सांगा.