सीनेकाठची पाणंद: हत्तरसंग कुडलची आडवाट

सोलापुरातून विजापूर रस्त्याने मंद्रूप मागे टाकलं की हत्तरसंग कुडलकडे डांबरी रस्ता जातो. भीमा-सीनेचा संगम बघायला येणारे त्याच रस्त्याने येतात नि त्याच रस्त्याने परततात. आम्ही गावाच्या अलीकडेच डांबर सोडलं आणि सीनेच्या अंगाने जाणारी पाणंद धरली. जेमतेम चार-पाच किलोमीटरची वाट, पण काळ्या रानात गाडी कशी चालवावी हे शिकायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

सुरुवातीला मुरूम आहे, तिथे काही विशेष नाही. उतार संपला की दोन्ही बाजूंनी ज्वारी अंगावर येते. जानेवारीत कणसं बॉनेटच्या वर डोलत होती. ताटं मोडू नयेत म्हणून आरसे मिटून घेतले.

खरी गंमत उसाच्या फडापाशी. पाटाचं पाणी फुटून वाटेवर आलं होतं. उतरून पाय टाकून पाहिला: वर वाळलेली खपली, खाली लोण्यासारखा चिखल. ही माती टायरच्या खाचांत बसली की टायर गुळगुळीत होतो, मग कितीही रेस करा, चाक जागीच फिरतं. शिवाय ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल, की त्यात चाकं घातली तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकणार. म्हणून एक चाक उंचवट्यावर, दुसरं बांधाच्या कडेला. फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी), दुसरा गिअर, पाय एकसारखा, आणि मध्ये थांबायचं नाही.

फडातून एक काका बाहेर आले. "मालक, डाव्या अंगानं घ्या, उजवीकडं पाइप हाय." पाइप मातीत पुरता बुजला होता, आम्हाला दिसलाच नसता. त्यांनी पुढे होऊन हात केला, मागोमाग गाडी अलगद पार. लगेच वळून ते मजुरांशी कन्नडमध्ये बोलू लागले. कर्नाटकची हद्द इथून जवळच.

पुढे संगम आणि देवळं. संगमेश्वराच्या मंडपात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. मान वर करून तुळईवरची अक्षरं शोधावी लागतात. शेजारच्या हरिहरेश्वरात 359 मुखांचं शिवलिंग आहे, तिथे वेळ काढाच.

डिसेंबर ते मार्च जा, गावात विचारून जा, दोन गाड्या असू द्या. पहिला पाऊस पडला की दिवाळीपर्यंत या वाटेचं नाव काढू नका.