साडेदहा सेंटिमीटर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला आणि मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात माझी नववीतली एक वही आहे. तपकिरी कागदाचं कव्हर, कसरीने खाल्लेले कोपरे, आणि पहिल्याच पानावर लाल शाईत सरांचं अक्षर : 'आधी अंदाज लिही, मग मोज.' वही गणिताची नाही, इतिहासाची आहे. १९८६च्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेची सहल दिल्लीला गेली होती. तेव्हाची ही वही.

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या वाड्यांमधल्या बहुतेक मुलांनी आगगाडी पाहिलेलीही नव्हती. सहल म्हणजे पन्हाळा, फार तर रायगड. इतिहासाच्या सरांनी थेट दिल्लीचं काढलं, आणि मुलींनाही न्यायचं म्हणून घरोघर फिरले. आमच्या पडवीत ते दोनदा येऊन बसले. आई म्हणाली, "सर, एवढ्या पैशात आमची वर्षाची बेगमी होते." ते खरंच होतं. काका परळच्या गिरणीत होता, पण १९८२च्या संपानंतर त्याची मनीऑर्डर थांबली ती थांबलीच. सर काही बोलले नाहीत. चहा पिऊन उठले आणि निघताना एवढंच म्हणाले, "पोरगी नीट बघते. तिला बघायला मिळायला हवं." पावसाळ्यानंतर भाव येईल म्हणून राखून ठेवलेली काजूबी आईने चार दिवसांनी विकली. आम्ही सात मुली गेलो. मला आजही वाटतं की त्या सहलीतलं सर्वांत अवघड काम दिल्लीत नव्हतं, ते आमच्या पडव्यांमध्ये झालं होतं.

रात्रभर एसटी, मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीवर अंघोळ आणि पेज, मग मुंबई सेंट्रलहून गाडी. बोरिवली मागे पडल्यावर सर खिडकीशी येऊन उभे राहिले. "आता नालासोपारा येईल. हे शूर्पारक. हेही कोकणच." बाहेर मिठागरं दिसत होती. इथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, आठव्या आणि नवव्या लेखाचे, असं त्यांनी सांगितलं. आठव्या लेखात राजा म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. "म्हणजे राजाचीसुद्धा सहल," सर म्हणाले, आणि स्टेशन निघून जाईपर्यंत खिडकीतून हलले नाहीत.

दिल्लीत पोचलो तो सोमवार. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दाराशी आम्ही चाळीस जण रांगेत उभे, आणि दार बंद. सोमवारी सुट्टी असते हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कार्यक्रम असा आखलेला होता की सोमवारी संग्रहालय आणि मंगळवारी अप्पू घर. प्रगती मैदानावरचं ते अप्पू घर सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. आकाशात फिरणाऱ्या पाळण्यांचे फोटो आम्ही वर्तमानपत्रात पाहिले होते आणि सहलीला आलेल्या निम्म्या मुलांनी घरी त्याच्याच नावाने हट्ट केला होता. सरांनी तिथेच ठरवलं : आज लाल किल्ला, उद्या संग्रहालय. मुलं गप्प झाली. एकाने रडून घेतलं. मीही संध्याकाळपर्यंत सरांशी बोलले नाही. २००८ साली अप्पू घर बंद झालं. ते मी कधीच पाहिलं नाही.

बंद दारासमोरच्या हिरवळीवर सरांनी आम्हाला बसवलं आणि संग्रहालय कसं झालं ते सांगितलं. १९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरच्या संग्रहांतून मूर्ती, चित्रं, नाणी गोळा झाली. त्या वस्तू परत आल्यावर दिल्लीत मांडल्या गेल्या, आणि मग पुन्हा पांगवण्यापेक्षा एकत्रच ठेवाव्यात असं ठरलं. १५ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींनी या संग्रहालयाचं उद्घाटन केलं, तेही राष्ट्रपती भवनातच, कारण स्वतःची इमारत नव्हती. या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५५मध्ये बसवली आणि ती १९६०च्या डिसेंबरात उघडली. "देश नवीन होता, घर बांधायला पैसे नव्हते, तरी पहिल्या दोन वर्षांत हे केलं," सर म्हणाले. त्या वेळी मला अप्पू घराचं दुःख होतं. पण हे वाक्य वहीत आहे, म्हणजे मी ते लिहून घेतलं होतं.

आता मंगळवार.

सहलीच्या आधी सरांनी वर्गात मोहेंजोदडोची नर्तकी फळ्यावर काढली होती. चांगली तीन फूट उंच. मग विचारलं होतं, "ही खरी केवढी असेल? प्रत्येकाने वहीत लिहा." पुस्तकात तिचं चित्र अर्ध्या पानाचं, आणि त्याच पुस्तकात ताजमहालाचं चित्रही अर्ध्या पानाचं. मी लिहिलं होतं, 'माझ्याएवढी'. एका मुलाने 'देवळातल्या देवीएवढी' असं लिहिलं होतं.

हडप्पा दालनात आम्ही तिला शोधत तिच्या समोरूनच दोनदा गेलो. सर मागे उभे राहून बघत होते, पण त्यांनी सांगितलं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "सर, ही बघा, ही एवढुशी!" साडेदहा सेंटिमीटर. माझ्या तळव्यावर सहज उभी राहिली असती. पाय घोट्याखाली तुटलेले, उजवा हात कमरेवर, मान किंचित मागे, केसांचा अंबाडा खांद्यावर कललेला. कुणाला भीत नाही अशी उभी. साडेचार हजार वर्षं झाली तरी तिची हनुवटी खाली आलेली नाही. आमच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला बायका अशाच उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवून. मला ती नर्तकी वाटलीच नाही. आजही वाटत नाही. नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलं. तिचं खरं नाव आणि काम कुणाला ठाऊक?

सरांनी काम दिलं : बांगड्या मोजा. उजव्या हातात चार, त्यावर एकमत झालं. डावा हात मात्र खांद्यापासून मनगटापर्यंत भरलेला. मी पंचवीस मोजल्या, माझ्या मैत्रिणीने चोवीस. पुन्हा मोजल्या, पुन्हा तसंच. काचेला नाकं टेकवून आम्ही भांडतोय हे पाहून पहारेकरी आला. आता हाकलणार असं वाटलं. त्याने आम्हाला बाजूला घेतलं आणि काचेच्या पेटीच्या अशा कोपऱ्याशी उभं केलं, जिथून तिचा तो हात पूर्ण दिसतो. तरी चोवीस-पंचवीसचं भांडण मिटलं नाही. सरांनी दोन्ही आकडे लिहायला सांगितले. पुढे मोठेपणी पुस्तकांतही मला दोन्ही आकडे सापडले, आणि त्या दिवशी मैत्रिणीला मुद्दाम फोन केला.

मुद्रांचंही तसंच. पुस्तकात तळहाताएवढ्या दिसणाऱ्या त्या बैलाच्या, एकशिंग्याच्या मुद्रा प्रत्यक्षात टपाल तिकिटाएवढ्या. एवढ्याशा दगडावर वशिंड, पोळी, गळ्याच्या वळ्या, आणि वर अजून कुणाला न वाचता आलेली अक्षरं. 'अंदाज' आणि 'मोज' या दोन रकान्यांमध्ये माझी त्या दिवशीची तीन पानं भरली आहेत आणि एकही अंदाज जवळपाससुद्धा नाही. बाकीची दालनं भराभर पाहिली. तंजावरची चित्रं, लघुचित्रं, शस्त्रं, सगळं डोळ्यांपुढून नुसतं सरकलं. खरं सांगायचं तर त्यातलं आठवत नाही.

परत आल्यावर सरांनी प्रयोगशाळेत मधाच्या पोळ्याचं मेण आणलं. मेणाची बाहुली करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, भोक ठेवायचं, भट्टीत तापवायची. मेण वितळून निघून जातं, आत बाहुलीच्या आकाराची पोकळी उरते, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा आणि मग माती फोडायची. नर्तकी अशी झाली. आमच्याकडे कांसं वितळवायची सोय कुठली, सरांनी कथिल वापरलं. माझ्या बाहुलीला एकच हात आला. साचा एकदाच वापरता येतो, फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही, हे मात्र हाताला कळलं.

आणि मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हाला सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर घेऊन गेले.

गुरं घेऊन आम्ही सड्यावर रोज जायचो. कातळावर कोरलेल्या रेघा सगळ्यांना माहीत होत्या. म्हातारी माणसं सांगायची, पांडवांनी एका रात्रीत काढलं. त्यावर उभं राहिलं की काहीच कळत नाही, नुसत्या खाचा दिसतात. सरांनी काथ्याची दोरी आणली होती, तिला दर फुटावर गाठ. एका एका रेघेवर दोरी धरून आम्ही मोजत गेलो आणि सर आलेखाच्या कागदावर टिंबं मांडत गेले. चार ताव खळीने चिकटवलेले होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कागदावर एक आकार उमटला. रुंद, दोन बाजूंना पसरलेला, मागे लांब शेपटी. दालदी वाडीतला एक मुलगा वाकून बघत म्हणाला, "सर, ही पाकट!" त्याला विचारायलाच नको होतं, त्याच्या बापाच्या जाळ्यात पाकट रोज यायची. सरांनी त्याच्या नावानिशी कागदावर लिहिलं : 'पाकट मासा'. किती जुनं, हे सरांना ठाऊक नव्हतं. ते तसं म्हणालेही.

पुढे रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे सडे पायाखाली घातले आणि अशी चित्रं शेकड्यांनी नोंदली. कशेळीचा प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. कोकणात आज कुठेही नसलेला गेंडा. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस. तसाच, दोन वाघांना दोन हातांनी आवरणारा माणूस मोहेंजोदडोच्या मुद्रेवर आहे. दोन्हींचा काही संबंध आहे की नाही, यावर अभ्यासक बोलतील. मी बारसूला गेले तेव्हा त्या टपाल तिकिटाएवढ्या मुद्रा आठवून माझ्या अंगावर काटा आला, एवढं मात्र खरं. काही अभ्यासक यातल्या जुन्या चित्रांचा काळ दहा-बारा हजार वर्षं मागे नेतात. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

गेल्या वर्षी लेकीकडे गुडगावला गेले होते, तेव्हा पुन्हा जनपथावर गेले. नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' नावाचं नवं राष्ट्रीय संग्रहालय होणार अशी घोषणा २०२३मध्ये झाली, त्यामुळे नर्तकीला त्याच घरात एकदा बघून यावं असं मनात होतं. दाराशी गिरनारच्या अशोकलेखाची प्रतिकृती आहे. तिच्यापाशी मी सोपाऱ्याच्या आठवणीने थांबले. आत नर्तकी तशीच, हनुवटी वर. या वेळी एक हारही पाहिला. मोहेंजोदडोचा, हिरव्या मण्यांचा, सोन्याच्या चकत्यांचा. फाळणीनंतर वस्तूंची वाटणी झाली तेव्हा तो ओवलेला हार उसवून निम्मे मणी इकडे, निम्मे तिकडे केले. नर्तकी इकडे राहिली, दाढीवाला पुरोहित-राजा तिकडे गेला. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, घरात मधोमध भिंत येते, पण विहीर आणि देवघर सामाईक ठेवतात. हार तोडलेला मी आजवर ऐकला नाही. लेक पुढच्या दालनात गेली तरी मी तिथेच उभी होते.

सर आता नाहीत. सड्यावरची आपली पाकटही निम्मीच उरली आहे. चिरेखाणीकडे जाणाऱ्या डंपरच्या वाटेने शेपटी आणि डावी बाजू गेली. मी बांधकामाचे नकाशे काढण्याची नोकरी करते, म्हणून टेप घेऊन जाऊन उरलेला भाग मोजला आहे, फोटो काढले आहेत. पण अख्खी पाकट फक्त सरांच्या त्या चार तावांच्या कागदावर आहे.

तो कागद सरांनी भूगोलाच्या खोलीत, नकाशांच्या लांब लाकडी पेटीत गुंडाळून ठेवला होता. नव्या इमारतीत सामान हलवताना ती पेटी कुठे गेली, हे जुन्या शिपाईमामांना किंवा तेव्हाच्या कुणा मुलाला आठवत असेल तर कृपा करून शाळेत कळवावं. कागदाच्या पाठीवर खळीचे पिवळे डाग आहेत आणि कोपऱ्यात आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. ओळख पटवायला उपयोगी पडेल म्हणून माझ्या वहीतली नोंद इथे उतरवून देते :

पाकट मासा. अंदाज : ६ फूट. मोज : शेपटीसकट १३ फूट ४ इंच.