जाऊ म्हणजे कोण?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज क्लासमध्ये 'माझं कुटुंब' या विषयावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. विषय इतका घरचा की तयारीच केली नाही. तीच चूक.

सुरुवात वडलांपासून केली. "माय फादर... दे आर टीचर." मॅडमनी विचारलं, "तुम्हाला वडील किती?" सगळे हसले, मीही हसले. पण 'ही' तोंडातून निघेचना. जन्मात कधी वडलांना 'तो' म्हटलेलं नाही आणि 'ही' म्हणजे माझ्या कानाला सरळ 'तो'च. आईच्या वेळी 'शी' मात्र झटकन आलं. तिला एरवीही 'अगं आई'च म्हणतो ना, त्यामुळे असेल.

मग भाऊ. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" यातलं 'हॅविंग' मॅडमनी काढून टाकलं, 'आय हॅव' म्हणा म्हणाल्या. बरं. पण मराठीत छत्री 'माझ्याकडे' असते आणि भाऊ 'मला' असतो. इंग्रजीत दोघांना एकच क्रियापद. 'कझिन ब्रदर' म्हटलं तर त्यातला ब्रदरही गेला. नुसतं कझिन म्हणायचं, भाऊ की बहीण ते पुढच्या वाक्यातल्या ही-शीवरून कळतं. चुलत, मामे, मावस, आते, प्रत्येकाला भाऊ आणि बहीण, म्हणजे आपल्याकडचे आठ शब्द त्या एका कझिनमध्ये कोंबलेले. सख्ख्या भावाला मी 'रिअल ब्रदर' म्हणाले, तर म्हणे, "मग बाकीचे खोटे का?" याला काय उत्तर देणार!

खरी फजिती पुढे झाली. मला एक गंमत सांगायची होती, नणंद आणि जाऊ यांच्यातल्या एका भांडणाची. मराठीत हमखास हशा पिकवणारी गोष्ट. इंग्रजीत ती अशी झाली: माझी सिस्टर-इन-लॉ माझ्या सिस्टर-इन-लॉवर चिडली, तेव्हा माझी सिस्टर-इन-लॉ म्हणाली... वहिनी त्यात मध्ये पडलेली, तीही सिस्टर-इन-लॉच. कोण कुणाला काय म्हणालं ते माझं मलाच कळेना. नेमकं सांगायला गेलं तर जाऊ म्हणजे 'माय हजबंड्ज ब्रदर्स वाइफ'. बावीस वर्षं जिच्यासोबत एका ओट्यापाशी उभी राहिले, तिच्यापर्यंत पोचायला आधी माझा नवरा, मग त्याचा भाऊ, असे दोन पुरुष ओलांडायचे. आपल्याकडे दोन अक्षरांत काम होतं.

घरी येऊन शब्दकोश काढून बसले. रागानेच बसले होते, पण मग त्यात रमले. अंकल हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ आईचा भाऊ. म्हणजे अंकल मुळात मामा! आंटच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द वडलांच्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. कझिन तर आधी मावसभाऊच. आणि जुन्या इंग्रजीत काका आणि मामा यांना वेगवेगळे शब्द होते. ते मागे पडले आणि एकटा अंकल दोन्हीकडचं बघायला लागला. सगळ्यात मजा नेफ्यूची. त्याचं लॅटिन मूळ आणि आपल्या 'नातू'मागचा संस्कृत 'नप्तृ' हे एकाच कुळातले शब्द. आपल्याकडे तो नातवावरच राहिला, त्यांच्याकडे सरकत सरकत पुतण्या-भाच्यावर गेला. आणि 'इन-लॉ'मधला कायदा कोर्टातला नव्हेच, चर्चचा. लग्नामुळे जडलेल्या कोणत्या नात्यांत पुन्हा लग्न चालणार नाही, ते ठरवणारा.

हे सगळं वाचून राग निवळला खरा, पण मॅडमचं एक वाक्य मनातून जात नाहीये. मी त्या सिस्टर-इन-लॉच्या जाळ्यात गुरफटले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "नातं कशाला सांगता? नाव सांगा आणि ती कशी आहे ते सांगा."

मी नाव सांगितलं. तेच आधी चमत्कारिक वाटलं, कारण थोरल्या जावेचं नाव मी कधी उच्चारतच नाही, ताई म्हणते. आणि नावानंतर पुढचं वाक्य आलं नाही. शब्द अडले म्हणून नव्हे. मनात मराठीतही वाक्य नव्हतं. जाऊ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं, ती थोरली, मी धाकटी, कुणी कुणाचं ऐकायचं, कुणी कुरकुरायचं. त्यामुळे त्याच्या पलीकडे काही सांगायची वेळच कधी आली नव्हती. गोष्ट रंगवून सांगायची तर तिच्या भांडणाची, एवढीच मला येत होती.

मघाशी भांडी लावताना विचारलं, "ताई, शाळेत तुमचा आवडता विषय कोणता होता?"

त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. क्लासचं खूळ म्हणाल्या. मग हातातलं ताट तसंच धरून म्हणाल्या, "भूगोल. नकाशे काढायचे मी. वर्गातल्या निम्म्या मुलींचे मीच काढून द्यायचे." आणि ओल्या बोटाने ओट्यावर एक किनारा काढून दाखवला, खाचाखोचांसकट.

गुरुवारी पुन्हा दोन मिनिटं आहेत. वहीत एक वाक्य लिहून ठेवलंय: शी ड्रॉज मॅप्स. की 'ड्र्यू'? मॅडमना विचारायला हवं. ताईंनाही.