एका गच्चीचे तीन ऋतू

उन्हाळा चढू लागला, की आमच्या सोलापुरात बहुतेक वर्षी 'उजनी मायनसमध्ये' या मथळ्याची वाट पाहिली जाते. भीमेवरच्या या 117 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात सुमारे 63 टीएमसी मृतसाठाच, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राखलेले पाणी, आहे, त्यामुळे 'मायनस' म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे, तर उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला एवढेच. परंतु नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हा हिशेब कोणाला समजावून सांगणार? मागच्या वर्षी पाण्याचा टँकर आणि विजेचे बिल या दोन्ही गोष्टींचा खर्च एकाच महिन्यात डोक्यावर आला, तेव्हा घरात काही बदल करावेत असे मी ठरवले. आमच्या घराला सुमारे सहाशे चौरस फुटांची सपाट गच्ची आहे आणि तोपर्यंत तिचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरताच होता.

सुरुवात चुन्याने केली. उघडा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खालच्या खोल्यांत सोडतो, म्हणून रात्री अकरा वाजताही आमच्या वरच्या खोलीचे छत हाताला गरम लागत असे. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवून लावतो हे माहीत होते. बाजारातले उष्णतारोधक रंग महाग होते, म्हणून मी कळीचा चुना आणला आणि इथेच पहिली चूक केली. तो भिजवण्यासाठी घरातली प्लास्टिकची मोठी बादली घेतली, त्यात खडे टाकले आणि वरून पाणी ओतले. क्षणभर काही झाले नाही. मग आतून खदखद सुरू झाली, वाफ उसळली, खडे फुटू लागले आणि पाहता पाहता बादलीच्या एका बाजूला पोटासारखा फुगवटा आला. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, लांब हो आधी! कळीचा चुना पेटतो, त्याला पत्र्याचं भांडं लागतं!" त्यांच्या माहेरी दर दिवाळीला भिंतींना चुना लागत असे, मला मात्र चुना म्हणजे पानाच्या डबीतला एवढाच परिचय. डोळ्यांत शिंतोडा गेला नाही हे नशीब. पुढे दुसरा चुना पत्र्याच्या पिंपात, आधी पाणी आणि मग थोडे थोडे खडे या क्रमाने, लांब काठीने ढवळत भिजवला, रात्रभर निवू दिला, गाळला आणि त्यात भिजवलेला डिंक मिसळला. गच्ची झाडून, धुऊन, किंचित ओली असतानाच कुंच्याने दोन हात दिले. हे काम सकाळी आठच्या आत उरकावे, कारण नंतर त्या पांढऱ्या पृष्ठभागावरून येणारे ऊन डोळे उघडू देत नाही.

परिणाम मी भिंतीवरच्या तापमापकावर रोज चार वाजता पाहत होते. बाहेर पारा बेचाळिसाच्या आसपास असताना जी खोली अडतीस दाखवायची, ती पस्तिसाच्या मागेपुढे राहू लागली. तीन अंश म्हणजे फार नाही, असे यजमानांचे मत पडले. पण रात्री छताला हात लावल्यावर त्यांचे मत बदलले. जोडीला दुसरी सवय लावून घेतली. सकाळी नऊला सगळ्या खिडक्या आणि पडदे बंद, आणि सूर्य मावळून बाहेर गार झाले की सगळे उघडे. सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने कूलर इथे उत्तम चालतो. एसीच्या मानाने त्याला वीज कितीतरी कमी लागते. मात्र त्याला पाणी लागते, आणि पाण्याचेच तर रडगाणे होते. कूलरसाठी वापरण्याजोगे पाणी नव्हते, कारण आमच्या पाण्यात क्षार बरेच आहेत आणि शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर त्याहून खारे. ते पाणी मी फरशी पुसायला आणि संडासात वापरते. झाडांना घालू नये, कुंड्यांतल्या मातीवर पांढरा थर चढतो. हे मी मोगऱ्याचे एक झाड गमावून शिकले.

एप्रिलमध्ये त्याच पांढऱ्या गच्चीवर जुनी साडी अंथरून कुरडया, सांडगे आणि पापड वाळवले. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावे लागते. ते आंबूस पाणी मी खताच्या पिंपात ओतू लागले.

पावसाळ्याचा भाग मात्र मी पूर्ण विचार न करता हाती घेतला. गणित सोपे होते: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. आमची गच्ची सुमारे 55 चौरस मीटरची, गळती आणि बाष्पीभवन वजा केले तरी वीस मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत आठ-नऊशे लिटर पाणी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे छताच्या वाट्याला येणारे पाणी पंचवीस हजार लिटरच्या घरात जाते. पन्हाळीला पाइप जोडून तो हजार लिटरच्या टाकीत सोडायला सांगितला. काम करणाऱ्याने टाकी मोठ्या तत्परतेने बसवली, पण पहिले पाणी बाहेर सोडण्यासाठी नळ बसवायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हते, किंवा सांगावेसे वाटले नाही, आणि मलाही विचारावेसे सुचले नाही. जूनची पहिली सर आली आणि टाकीत ताकासारखे पांढरे पाणी जमा झाले. उन्हाळ्यात मी ज्या चुन्याचे कौतुक करत होते, तोच धुऊन खाली आला होता. सोबत कबुतरांची विष्ठा आणि वर्षभराची धूळ. ती हजार लिटरची टाकी रिकामी करून घासताना माझा जो संताप झाला तो लिहिण्याजोगा नाही.

त्यानंतर पाइपच्या खालच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि नळ बसवला. आता प्रत्येक मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या सरीचे दहा-पंधरा मिनिटांचे पाणी बाहेर जाते, मग नळ बंद होतो. टाकीच्या तोंडावर दुहेरी घडीचा जुना सोलापुरी टॉवेल बांधला आहे आणि त्यावर डासांची जाळी. हे पाणी आम्ही पीत नाही, धुण्याला आणि कूलरला वापरतो. क्षार नसल्याने साबणाचा फेस जास्त येतो. सोलापूरला जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस अनेकदा ओढ देतो आणि खरा जोर सप्टेंबरमध्ये असतो, त्यामुळे टाकी सतत भरलेली राहील या भरवशावर राहता येत नाही. जोराच्या पावसात ती भरून वाहू लागली, तेव्हा जास्तीचे पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात सोडले. तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि वर वाळू असे थर त्यात दिले आहेत. बोअरच्या पाण्यात त्याने काय फरक पडतो हे एका वर्षात कळण्यासारखे नाही, आणि मीही त्याची बढाई मारणार नाही.

खताचे पिंप पावसाळ्यातच माझ्यावर उलटले. स्वयंपाकघरातला ओला कचरा, दमट हवा आणि ती आंबट पाण्याची भर, यांनी जुलैत वास सुटला आणि अळ्या झाल्या. उपाय घराच्या मागेच होता: आमचा कडुलिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ करतो आणि मी ती पाने वर्षानुवर्षे जाळत आले होते. शेजारणीने तिच्या अंगणातला जुना पाला दिला, एक भाग ओल्याला दोन भाग पाला असे थर घातले आणि आठवड्यात वास गेला.

हिवाळ्यात फारसे काही करावे लागले नाही. सासूबाईंनी चुलीवर काळा पडलेला तांब्याचा हंडा घासू न देता सकाळी गच्चीवर नेऊन उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवायला सुरुवात केली. दुपारी दोनपर्यंत त्यातले पाणी भांड्यांना आणि धुण्याला पुरेसे कोमट होते. सकाळच्या अंघोळीला त्याचा उपयोग नाही, ती अजूनही गॅसवरच. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेहून परतताना त्या मला म्हणाल्या, "छत उन्हाळ्यात पांढरं केलंस, थंडीत भांडं काळं ठेव, एवढं साधं आहे."

आता फाल्गुन आहे. कडुलिंबाची पाने तीन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. कळीचा चुना आणला आहे, पिंप या वेळी आधी काढून ठेवले आहे, आणि पन्हाळीचा नळ उघडा ठेवण्याची चिठ्ठी जूनच्या पानावर, दिनदर्शिकेत, यजमानांच्या अक्षरात लिहिली आहे.