घरचं नेटवर्क: पावसाळ्यानंतरचे आकडे आणि पुढच्या बिलाचा अंदाज

मागच्या नोंदीत दोन कनेक्शनं शेजारी-शेजारी लावली होती. केबलवाल्याचं फायबर मुख्य, छतावरचं 5जी बॅकअपला. दोन्हींवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातलं स्मोकपिंग (पिंग सतत मोजून आलेख काढणारं सॉफ्टवेअर) चालूच होतं. पावसाळा सरला, आलेख हातात आले.

आधी फायबर. ओएनटीच्या (घरातल्या फायबरच्या डब्याच्या) पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, -25.8 डीबीएम; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. जीपॉनचा (घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या तंत्राचा) ओएनटी साधारण -27 पर्यंत तग धरतो, म्हणजे सिग्नल गेल्याचा लाल एलओएस दिवा फार लांब नव्हता. जिन्यातल्या डबीत पॉवर मीटर लावला तर -20.4. मधले पाचेक डीबी खाल्ले कुणी? टीव्हीच्या कपाटामागे पॅच कॉर्ड काटकोनात दबली होती! नवी कॉर्ड टाकली, हिरवा कनेक्टर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसला, -20.9. गंमत म्हणजे स्पीडटेस्टमध्ये काडीचा फरक नाही, आधीही 100 आणि आताही 100. फायबर बंद पडेपर्यंत कुरकुर करत नाही, म्हणून पॉवरचा आकडा अधूनमधून लिहून ठेवा.

5जीला पावसाचा त्रास जवळपास नाही, 3.5 गिगाहर्ट्झला पाऊस किरकोळच अडवतो. त्रास होतो तो रात्री नऊनंतर. मुंबईचं पिंग (सिग्नल तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ) 22 मिलिसेकंदांवरून 70 च्या वर जातं, त्याच वेळी फायबर 5 वर सपाट. टॉवरच्या एका सेक्टरची क्षमता आजूबाजूच्या मोबाइलवाल्यांसकट सगळ्यांत वाटली जाते, त्याचा हा परिणाम.

वाटणी फायबरमध्येही आहेच की. जीपॉनचे अडीच गिगाबिट 32 किंवा 64 घरांत फुटतात. पण ते कमी पडले तर त्याच काचेच्या तारेवर 10 गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन चढवता येतं. जुना प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, नवा 1577 चा, दोघे एकत्र नांदतात. दोन टोकांची यंत्रं बदलायची, खोदाई पुन्हा नाही. हवेत मात्र क्षमता वाढवायची तर टॉवर तरी वाढवा नाहीतर स्पेक्ट्रम तरी घ्या, आणि 2022 च्या लिलावात तो दीड लाख कोटींना गेला. जिओच्याच प्लॅनमध्ये फायबरला महिना 3.3 टीबी आणि एअरफायबरला (घरच्या 5जीला) 1 टीबी अशी मर्यादा का, हे यावरून कळतं.

बीएसएनएलचं 256 केबीपीएस 2005 मध्ये महिना 500 रुपयांना होतं. 2020 मध्ये जिओने 399 अधिक जीएसटीत 30 एमबीपीएस दिलं. माझा अंदाज असा की फायबरचं बिल याच पट्ट्यात रेंगाळेल, वेग तेवढा वाढेल. वर्षाला जो काही खर्च चढेल तो पोलचं भाडं आणि रस्ता खोदला की तुटणाऱ्या तारा यांचा. घरचं 5जी मात्र मोबाइलच्या रिचार्जमागे फरफटत वर जाणार. रिचार्ज जुलै 2024 मध्ये कसे वाढले ते सगळ्यांना आठवत असेल.

सॅटेलाइट इंटरनेटचं गणित शहरात बसणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायने मे 2025 च्या शिफारशीत स्पेक्ट्रमसाठी महसुलाच्या 4 टक्के आणि वर शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये सुचवलेत. वेल्ह्याकडच्या वरच्या वाड्यांत, जिथे पोलच पोचत नाही, तिथे मी डोळे झाकून तेच घेईन.

तूर्तास फायबरचे वर्षाचे पैसे एकदम भरून टाकले, 5जी महिन्या-महिन्याने. आता राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी सॉफ्टवेअरवर फेलओव्हर (एक लाइन पडली की आपोआप दुसरीवर जाणं) बसवायचाय. 5जीवाला सीजीनॅटमागे ठेवतो, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आणि बाहेरून घरी पोचता येत नाही; त्यामुळे वायरगार्ड (माझं व्हीपीएन) आयपीव्ही6 या नव्या पत्त्यांवरून न्यावं लागेल. कुणी एमवॅन3 मध्ये (ओपनडब्ल्यूआरटीवर अनेक लाइन सांभाळणाऱ्या पॅकेजमध्ये) आयपीव्ही6 नीट चालवलं असेल तर कॉन्फिग टाका.