निवडलेल्या मजकुराचा रंग

एखादी ओळ निवडली की तिच्यामागे उमटणारी निळसर पट्टी ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. मात्र सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, दोन कोलन देऊन ‘सिलेक्शन’ हा स्यूडो-एलिमेंट (पानातील एखाद्या घटकाच्या विशिष्ट भागालाच नियम लावण्याची खूण) लिहिला, तर ती आपल्या संकेतस्थळाच्या रंगसंगतीत बसवता येते. माझ्या ब्लॉगवर मी फिकट हळदी पार्श्वभूमी आणि गडद तपकिरी अक्षरे ठेवली आहेत.

या नियमात मोजकेच गुणधर्म चालतात: अक्षरांचा रंग, पार्श्वभूमीचा रंग, अधोरेखन, सावली आणि त्यांच्यासारखे थोडे. फॉन्टचा आकार किंवा पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तसे झाले असते तर माउस फिरवताना ओळींची मांडणीच सतत हलत राहिली असती.

माझा आग्रह एकच आहे, की दोन्ही रंग नेहमी जोडीने लिहावेत. केवळ पार्श्वभूमी गडद जांभळी केली, तर अक्षरे मूळच्या काळ्याच रंगात राहतात आणि नेमका निवडलेला मजकूरच वाचता येत नाही. वेब सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ हे कॉन्ट्रास्टचे (उजेड-अंधाराच्या फरकाचे) प्रमाण दिले आहे, ते येथेही पाळावे. बोटाने ओळीचा माग ठेवावा तसे अनेकजण मजकूर निवडत निवडत वाचतात, त्यांच्यासाठी हा रंग म्हणजे प्रत्यक्ष वाचनाचाच रंग असतो.

फायरफॉक्स ब्राउझरला पूर्वी ‘सिलेक्शन’च्या आधी ‘मॉझ’ हा उपसर्ग जोडलेला वेगळा नियम द्यावा लागे. २०१८ मधील ६२व्या आवृत्तीपासून त्याची गरज उरलेली नाही.