बॉनेट थंड असताना: नाशिकमध्ये लिलावाआधीची एक सकाळ

ठाण्याहून पहाटे साडेचारला निघालो तेव्हा रस्ता मोकळा होता. कसाऱ्याचा घाट अंधारातच चढला, इगतपुरीला धुकं लागलं आणि साडेसातच्या आत पाथर्डी फाटा आला. इतक्या पहाटे निघायचं कारण एकच. लिलावातली जुनी गाडी इंजिन थंड असतानाच बघावी. कोणी आधीच ती चालू करून दहा मिनिटं गरम करून ठेवली, तर थंड इंजिन जे बोलतं ते सगळं ऐकायचं राहून जातं. नाशिकच्या डिसेंबरातली कडाक्याची सकाळ या कामाला फार चांगली.

गाड्या त्र्यंबक रोडला, मायको सर्कल मागे टाकून सातपूरच्या पुढे एका गोडाऊनमध्ये ठेवल्या होत्या. शनिवारी पाहणी, रविवारी रात्रीपर्यंत ऑनलाइन बोली. नजर जाते ती १९६७च्या लाल एमजीबी रोडस्टरवर, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या उघड्या दोन आसनी गाडीवर. शेजारी छप्पर उतरवलेली स्टँडर्ड हेराल्ड आणि छप्पर कापलेली फियाट ११००. गेल्या गेल्या तिन्ही बॉनेटवर हात ठेवला. तिन्ही गार. तिथल्या मुलाला सांगितलं, सेल्फ आत्ता मारू नकोस, आधी पत्रा बघू दे.

पत्र्यावर सगळं ठरतं. इंजिन बिघडलं तर खर्चाचा अंदाज बांधता येतो, पत्रा आतून सडला असेल तर अंदाजच चुकतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि वर छप्पर नसल्यामुळे दाराखालच्या सिलवर सगळा भार. हे सिल म्हणजे पत्र्याच्या थरांची पेटी: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि तळाशी कॅसल रेल. पुढच्या चाकाचा चिखल फेंडरच्या आत साचतो, ओला राहतो आणि तिथूनच सिल आतून सडायला लागतं. बाहेर रंग चकचकीत असतानाच हे चालू असतं.

तपासायला जॅक, चुंबक आणि टॉर्च पुरतात. आधी दार आणि मागच्या फेंडरमधली फट बघा. ती वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे. मग दार उघडून जॅकिंग पॉइंटवर ती बाजू उचला आणि दार पुन्हा लावून बघा. आधी सहज लागणारं दार आता अडत असेल, तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. नंतर जमिनीवर आडवं होऊन कॅसल रेल शोधा. तिच्या कडेला पाणी निघून जायला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, नावही त्यावरूनच. तिथे सपाट पट्टी वेल्ड केलेली दिसली, तर सडलेलं कापून न काढता वरून झाकलंय असं समजा. या एमजीबीला डाव्या बाजूला खाचा स्वच्छ दिसल्या, उजव्या बाजूला सपाट पट्टी.

पुट्टी म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लेप. ती शोधायला साधं चुंबक कागदात गुंडाळून फिरवा. सिलच्या खालच्या सहा इंचांत आणि मागच्या चाकाच्या कमानीवर ते धरतं का ते बघा. रंगाची जाडी मोजायचा मीटर असेल तर उत्तमच. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, वरून पुन्हा मारला असेल तर २०० ते ३००, आणि ५००च्या वर गेला की खाली पुट्टी आहे. एखाद्या पॅनेलला थोडी पुट्टी हा दोष नव्हे. साठ वर्षांत कुठेतरी खरचटणारच. सिलवर पुट्टी मात्र माफ नाही, कारण तिथला पत्रा वजन पेलतो.

गाडी कुठे राहिली, हेही विचारावं. मुंबईची खारी हवा पत्रा खाते. नाशिकची हवा पावसाळा सोडला तर कोरडी, त्यामुळे इथे शेडखाली उभी राहिलेली गाडी पत्र्याला बरी निघते. पण त्याच कोरड्या हवेत रबर कडक होतं, सीटची शिवण उसवते, आणि शेतातल्या शेडमध्ये उंदीर वायरिंग खातात. त्यामुळे डॅशबोर्डखाली टॉर्च मारायचा तो नुसत्या फ्यूजसाठी नाही.

मग नंबर. एमजीबीचा चासी नंबर सरळ वाचता येतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे बी-सिरीज या ब्रिटिश इंजिन-घराण्याचा गट, एन म्हणजे उघडी दोन आसनी, पुढचा आकडा मालिकेचा. १९६७ च्या बहुतेक काळात जीएचएन३. पुढे एल असेल तर ती मुळात डाव्या हाताची गाडी, आणि स्टिअरिंग उजवीकडे दिसत असेल तर ते कधीतरी बदललंय. या काळातल्या इंजिनाच्या नंबरची सुरुवात १८जीबी अशी हवी: १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचं.

भारतात इथे एक खास गोची आहे. अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजचं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, सारखा, ८८.९ मिलिमीटर; बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मात्र अ‍ॅम्बॅसेडरची ७३ आणि एमजीबीची ८०.२६. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ. वर दोन एसयू कार्ब्युरेटर चढवले की बॉनेट उघडून बघणारा सहज फसतो. म्हणून ब्लॉकवरची नंबरपट्टी, तिचे रिव्हेट, त्यांच्या भोवतीचा रंग नीट बघा. जुन्या, तेलकट ब्लॉकवर कोरे करकरीत रिव्हेट दिसले, तर प्रश्न विचारायलाच हवा. अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन असलेली एमजीबी चालायला छान असू शकते, पण तिला मूळ इंजिनाचा भाव देऊ नये.

आता सेल्फ. चोक ओढून थंड इंजिन चालू होताना कोणीतरी मागे सायलेन्सरपाशी उभं राहावं. चालू होताना निळा धूर आला आणि लगेच निवळला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. रेस दिल्यावर निळा धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंग. गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबली नाही, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या आणि ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर आहे का ते बघा. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर मोजायचं: ३,००० आरपीएमला ५० पीएसआयच्या वर, आयडलला १५च्या खाली नको.

परवानगी मिळाली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजाच. चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, सेल्फवर पाच-सहा फेरे. आकडा किती आला त्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारे हात आहेत, त्यामुळे नाशिकला इंजिनाची एवढी धास्ती वाटत नाही.

तारेची चाकं असतील तर चाक उचला, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खट् असा आवाज आला तर स्प्लाइन, म्हणजे हब आणि चाक जोडणारे दाते, झिजलेत. हब आणि चाक दोन्ही बदलावं लागतं. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी कितीही चांगली असो, दहा वर्षांचा टायर बदलायचाच. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचं डायफ्रॅम त्यात टिकत नाहीत. तो खर्च न बघताच धरून चाला.

दुसऱ्या दोन गाड्यांना फार वेळ लागला नाही. हेराल्डला वेगळी चासी असते आणि छप्पर बोल्टने बसवलेलं असतं, त्यामुळे ते उतरवलं तरी गाडी कोसळत नाही. फक्त ती मूळची कन्व्हर्टिबल म्हणून विकत घेऊ नये. फियाट ११०० ला वेगळी चासीच नाही. छप्पर कापलं आणि खाली मजबुती दिली नाही, तर ती खड्ड्यागणिक वाकते. दाराच्या फटीत करंगळी गेली, तिथेच थांबलो.

कागद शेवटी पाहिले. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ट्रेसिंग घ्यायचं आणि आरसीशी एकेक अक्षर ताडायचं. परदेशातून आलेल्या गाडीची आयातीची कागदपत्रं मागायची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे बदललेल्या इंजिनाचा फटका किमतीला बसतो तसा इथेही बसतो. आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

दुर्मीळ गाडीचं गणित निराळं. १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना गेली. तशा दोनच बनल्या. एमजीबी आणि तिची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे तिथे दुर्मीळपणाचे पैसे नाहीत, अवस्थेचे आहेत. हिशोब उलटा मांडा. निर्दोष, तयार गाडीची किंमत १०० धरा. आमच्या वहीत सिल आणि रंगाला ३०, इंजिनाला १०, सीट आणि कापडी छपराला ८, टायर-ब्रेक-पाइपला ५ असे वजा झाले. उरले ४७. न दिसलेल्या गोष्टींसाठी आणखी १० काढले, राहिले ३७. लिलाव करणाऱ्याचं प्रीमियम १० टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर बोली ३३ ला थांबवायची. हा आकडा गोडाऊनमधून निघतानाच लिहून ठेवावा, रविवारी रात्री स्क्रीनपुढे बसून नाही.

दुपारी मिसळ खाऊन परतताना चर्चा एकच होती, गाडी मिळाली तर न्यायची कशी. उत्तर सोपं आहे: फ्लॅटबेडवर, पट्टे चाकांना बांधून, सस्पेन्शनला हुक न लावता. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकच्या तेलात पाणी मुरलेलं असतं. उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. तेल आणि चाकांतली ब्रेकची रबरं बदलेपर्यंत अशी गाडी चालवत कसाऱ्याचा घाट उतरू नका.